नव्या खोक्यात सेव्हन बसवणारे भोयेभाऊ

भोयेभाऊ कुठल्याही यंत्राला हात लावायचे तो आधी उलटा. तळहात नाही, बोटांची मागची बाजू. मी कंपनीत नवीन होते तेव्हा मला वाटलं, पाया पडण्यासारखा हा काहीतरी श्रद्धेचा प्रकार असेल. विचारलं तर म्हणाले, "करंट उतरलेला असला तर सुलटा हात तिथंच धरून बसतो, उलटा झटकला जातो. देवाबिवाचं काय नाय त्यात."

सातपूरच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारी आमची मध्यम आकाराची कंपनी. मी क्वालिटीत, ते मेंटेनन्सला. पूर्ण नाव काशिनाथ भोये. गाव हरसूलच्या पुढचा एक पाडा. आयटीआय करून नाशिकला आलेले, सातपूरलाच एका खोलीत भाड्याने राहत आणि शनिवारी संध्याकाळी त्र्यंबकची गाडी धरत. बायको, आई, दोन मुली गावी. बुटकी, काटक चण, खाकी शर्ट, एका खिशात टेस्टर, दुसऱ्यात हातभर दोऱ्याने बांधलेली छोटी वही. जेवायला नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी. कँटीनमध्ये ते बसत, पण कँटीनचं खात नसत. कोणीतरी एकदा चेष्टेत म्हणालं, "भोये, कोट्यातून लागलास ना रे तू?" खासगी कंपनीत कसला आलाय कोटा! भोयेभाऊंनी भाकरीचा तुकडा संपवला आणि म्हणाले, "हो ना. वायरी जोडायला माणूस मिळत नव्हता, तो कोटा."

कंप्युटर त्यांना कोणी शिकवला नव्हता. कंपनीचा आयटीवाला पुण्याला बसायचा, महिन्यातून एकदा यायचा. मधल्या काळात प्रिंटर अडला, स्क्रीन काळी पडली की हाक भोयेभाऊंना. ते यायचे, उलटा हात लावायचे, स्क्रीनवरची इंग्रजी सूचना वहीत एकेक अक्षर चित्र काढल्यासारखी उतरवून घ्यायचे आणि माझ्या टेबलाशी यायचे.

"मॅडम, इनॅक्सेसिबल म्हणजे?"

"तिथपर्यंत पोचता येत नाही असं."

"मग तसं सांगायचं ना सरळ."

दोनचार दिवसांनी तीच सूचना पुन्हा आली तर ती त्यांना पाठ असायची, अर्थासकट आणि उपायासकट. कुठलंही यंत्र खराब झालं असं ते म्हणत नसत. "थकलंय" म्हणत. आणि आम्ही कोणी 'मशीनने चुकीचं रीडिंग दिलं' म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "मशीन खोटं नाय बोलत. माणूस तिच्या नावानं बोलतो."

एकदा बाहेरचा एक सर्व्हिस इंजिनीअर आला होता. टाय वगैरे. त्याने कॉम्प्रेसरचं पॅनल उघडून दुरुस्त केलं, बंद केलं, आणि हातात एक स्क्रू उरला. त्याने तो सहज खिशात टाकला. भोयेभाऊ बाजूला बॅटरी धरून उभे होते. ते म्हणाले, "साहेब, तो आमचा आहे."

"एकाने काही फरक पडत नाही."

"मग त्यांनी बसवला कशाला होता?"

इंजिनीअर चिडला, पण भोयेभाऊ दारात उभे राहिले. पॅनल परत उघडावं लागलं. आत अर्थिंगच्या वायरीचं टोक मोकळं लोंबत होतं. भोयेभाऊंनी स्क्रू लागेपर्यंत नुसती बॅटरी धरली.

आमच्या विभागात एक मोजमापाचं मशीन आहे. जाड काळ्या ग्रॅनाइटचं टेबल, वर फिरणारा हात, आणि हाताच्या टोकाला सुईवर बसवलेला लाल माणकाचा मणी. तो मणी सुट्या भागाला शंभर ठिकाणी शिवतो आणि माप केसाच्या जाडीपेक्षा बारीक सांगतो. त्याचा रिपोर्ट जोडल्याशिवाय आमचा एकही खोका गेटबाहेर जात नाही. मशीन वीस वर्षांचं, पण अजून ठणठणीत. ते चालवणारा कंप्युटर मात्र एके सकाळी सुरूच झाला नाही. भोयेभाऊंनी उघडला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हा थकला नाय. हा गेला."

नवा कंप्युटर आणायला काहीच अडचण नव्हती, दुपारपर्यंत आलाही. अडचण अशी की मशीनचं सॉफ्टवेअर विंडोज सेव्हन या जुन्या सिस्टिमवरच चालायचं आणि सेव्हन केव्हाच निवृत्त झालेलं. नव्या सिस्टिमवर चालणारं सॉफ्टवेअर घ्यायचं तर मशीनचा कंट्रोलरही बदलावा लागणार होता. तो आकडा ऐकून आमच्या प्लँट मॅनेजरांनी, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत, फाइल मिटली. ते माझ्या टेबलाशी आले, भोयेभाऊंना बोलावलं आणि माझ्यासमोर म्हणाले, "भोये, या नव्या डब्यात ते जुनं सेव्हन टाक. कसं ते तू बघ. मला रिपोर्ट पाहिजे."

"साहेब, आयटीला विचारलं का?"

"आयटीला मी बघतो. तू टाक."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. आमच्या तिघांशिवाय तिथे चौथं कोणी नव्हतं.

पुढचे आठ दिवस भोयेभाऊ आमच्या विभागातच असायचे. पहिल्या दिवशी नव्या कंप्युटरने सेव्हनची डिस्क दारातूनच परत पाठवली. आतली एक सेटिंग बंद केल्यावर ती आत घेतली, पण 'भाषा निवडा' असा पडदा आला आणि माउस मेला, कीबोर्डचे दिवे गेले. समोर प्रश्न आणि उत्तर द्यायला हात नाहीत. तीन दिवस हाच खेळ. साहेब जाता-येता विचारत, "काय भोये, अजून भाषाच निवडतोयस?"

चौथ्या दिवशी भोयेभाऊंच्या लक्षात आलं, की सेव्हन निघालं तेव्हा हे नवे यूएसबीचे सॉकेट जन्मालाच आले नव्हते, त्यामुळे त्यात घातलेलं काहीही त्याला ओळखू येत नाही. नव्या डब्याच्या पाठीला मात्र जुन्या काळची गोल भोकं एका कोपऱ्यात शिल्लक होती. ते अंबड लिंक रोडच्या भंगारवाल्याकडे गेले आणि गोल पिनेचा, पिवळा पडलेला एक कीबोर्ड घेऊन आले. लावला आणि दिवे लागले. मग सेव्हनला माहिती साठवायची नवी चपटी डिस्क दिसेना. त्यांनी अडगळीतल्या एका कंप्युटरमधली जुनी डिस्क काढून बसवली. मग मशीनची जाड केबल लावायला मागे जागा नव्हती. कंप्युटरच्या आतल्या मुख्य बोर्डावर तिच्या नऊ पिना होत्या, त्या पट्टी लावून बाहेर काढल्या. प्रत्येक पायरी वहीत जात होती. वहीत एका पानावर मी वाचलं, 'नव्याला जुनं शिकवता येतं. त्याला आधी नवं विसरायला लावा.'

आठव्या दिवशी सकाळी मशीनचा हात हलला. मी माप माहीत असलेलं एक कडं टेबलावर ठेवलं. मणी आला, शिवला, मागे गेला, पुन्हा शिवला. स्क्रीनवर आकडा आला तो कड्यावर कोरलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळला. भोयेभाऊ खुर्चीवर बसले. त्या आठ दिवसांत मी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं.

जाताना त्यांनी वहीचं एक पान फाडलं, त्यावर ठळक अक्षरात लिहिलं, 'हा कंप्युटर नेटला जोडू नये. का. भोये, मेंटेनन्स', आणि टेपने स्क्रीनच्या वर चिकटवलं. मला म्हणाले, "मॅडम, याला आता बाहेरून औषध मिळायचं नाय. कोणी नवा रोग आणला तर हा मरेल, आणि दुसऱ्यांनाही देईल. याला घरातच ठेवा."

त्या वर्षी कंपनीच्या कार्यक्रमात खर्च वाचवल्याचा पुरस्कार साहेबांना मिळाला. पडद्यावर आमच्या मशीनचा फोटो होता, शेजारी साहेब उभे. भोयेभाऊ त्या वेळी हॉलचा माइक खरखरत होता म्हणून स्टेजच्या मागे वायर धरून बसले होते. मी नंतर म्हटलं, "भाऊ, निदान तुमचं नाव तरी घ्यायला हवं होतं." ते म्हणाले, "माइक नीट ऐकू आला का मागपर्यंत?"

सहाएक महिन्यांनी साहेबांना वाटलं, रिपोर्ट थेट त्यांच्या केबिनमधल्या स्क्रीनवर यावेत. पुण्याच्या आयटीवाल्याने येऊन नेटची केबल टाकली. साहेब माझ्याकडे पाहून म्हणाले, "आणि तो कागद काढा तिथून. कस्टमर येतात, बरं दिसत नाही." भोयेभाऊ त्या दिवशी रजेवर होते. मी कागद काढला. चुरगाळून टोपलीत टाकला. इतकं साधं काम होतं ते, की पुढचं मोजमाप सुरू करेपर्यंत मी विसरलेसुद्धा. त्यानंतर ते मशीन एकदाही अडलं नाही, म्हणून भोयेभाऊंनाही त्याच्यापाशी यायची वेळ आली नाही.

वर्ष उलटलं आणि आमच्या मोठ्या ग्राहकाकडून तपासणी आली. या वेळी त्यांच्याबरोबर कंप्युटरची सुरक्षितता बघणारी एक मुलगी होती. तिने लॅपटॉप जोडला आणि पाच मिनिटांत विचारलं, "तुमच्या नेटवर्कवर सेव्हन कुठे चालतंय?" तिच्या अहवालात लाल शेरा आला. ऑर्डर थांबेल असं वरून पत्र आलं. कोणीतरी जबाबदार पाहिजे होतं आणि साहेबांनी ते नाव लगेच दिलं. मेंटेनन्सच्या भोयेने परस्पर, परवानगीशिवाय, अनधिकृत सिस्टिम टाकली.

आरोपपत्र, निलंबन, मग चौकशी. चौकशीच्या सकाळी साहेब माझ्या टेबलाशी आले. त्या महिन्यात माझ्या बढतीचा कागद त्यांच्या सहीसाठी गेलेला होता. ते त्याबद्दल काहीच बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "तुम्ही तेव्हा मोजमापात गुंतलेल्या होता. तुम्हाला काय ऐकू येणार?"

कॉन्फरन्स रूममध्ये चौकशी अधिकारी, एचआरच्या बाई, साहेब आणि टेबलाच्या पलीकडे भोयेभाऊ. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. खाकी सोडून दुसऱ्या कपड्यात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी वही पुढे केली. आठ दिवसांची सगळी कामं तारखेसकट लिहिलेली. अधिकाऱ्यांनी ती चाळली आणि म्हणाले, "म्हणजे हे तुम्हीच केलं हे तुम्हाला मान्य आहे."

"केलं ना. साहेबांनी सांगितलं म्हणून केलं. नेटला जोडू नका म्हणून कागद पण लावला होता. मॅडम समोर होत्या."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भोयेभाऊंनीही पाहिलं, अगदी निर्धास्तपणे. विजेचं मीटर काय दाखवणार हे आधीच माहीत असल्यावर माणूस बघतो तसं.

"साहेबांनी सूचना दिल्याचं तुम्ही ऐकलं का?"

"मला नक्की आठवत नाही," मी म्हणाले.

"कागद होता का?"

"आठवत नाही."

भोयेभाऊंनी वही परत घेतली. ती दोऱ्याने बांधली. गाठ मारायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, एवढंच माझ्या लक्षात राहिलं.

त्यांना कामावरून काढलं. पत्रात 'गंभीर शिस्तभंग' असे शब्द होते, त्यामुळे आसपासच्या कंपन्यांची दारंही बंद झाली. दीड-दोन महिने ते एकेका गेटवर जाऊन आले असं ऐकलं. मग खोली सोडून गावी गेले. मला बढती मिळाली.

आणि तो कंप्युटर? तो तिथेच राहिला. केबल काढली, आणि 'पर्याय उपलब्ध होईपर्यंत विशेष परवानगी' असा इंग्रजी कागद साहेबांच्या सहीने फाइलला लागला. जे टाकल्याबद्दल माणूस गेला तेच सेव्हन पुढची दोन वर्षं रोज सकाळी सुरू होत होतं आणि त्याच्या जिवावर आमचे ट्रक गेटबाहेर पडत होते. रोज सकाळी ते मी सुरू करत होते.

या दिवाळीनंतर त्या कंप्युटरचा बोर्डही जळला. बाहेरचे दोघे येऊन गेले. त्यांच्या अगदी ताज्या कंप्युटरवर सेव्हन बसेचना. तिसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "तो भोये कुठे असतो? तुमचं ऐकेल तो. एक दिवसाचं काम आहे म्हणावं, देऊ काहीतरी."

मी गेले. नाही म्हणता आलं नाही हे खरं, आणि एकदा जायचंच होतं हेही खरं.

हरसूलला बाजाराचा दिवस होता. एका दुकानदाराला नाव विचारलं तर म्हणाला, "मोटरवाले काशीभाऊ ना? ते काय तिथं." वडाखाली गोणपाटावर पाण्याची मोटर उघडून ते बसले होते. केस बरेच पांढरे झाले होते. मला पाहून उठले, हात पुसले, शेजारच्या टपरीवरून दूध घातलेला चहा मागवला. स्वतः घेतला नाही. मुलींचं विचारलं तर म्हणाले, थोरलीने नर्सिंग मधेच सोडलं, लग्न झालं. ग्रामपंचायतीचा कंप्युटर, शाळेचा इन्व्हर्टर, लोकांच्या मोटरी, असं काहीबाही ते करतात. "चाललंय. लय काम हाय इथं, करणारं कोणी नाय."

मी कामाचं सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. मागे गोल भोक आहे का, आणि आत जुन्या मार्गाने सुरू करायची सेटिंग दिसते का. दोन्ही नाही म्हटल्यावर मान हलवली. "इतक्या नव्यात ती वाटच ठेवलेली नाय. चार-पाच वर्षांपूर्वीचा बोर्ड शोधा. कारखान्यांसाठी वेगळे बोर्ड मिळतात, त्यात अजून ठेवतात. मग होईल."

"मग येता का, भाऊ? गाडी पाठवते."

"नाय."

रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. "काय करायचं ते सांगतो, लिहून घ्या. पण त्या गेटातून मी येणार नाय." आणि खरंच त्यांनी सगळं सांगितलं. कुठली डिस्क, कुठली पट्टी, आधी काय, मागून काय. एकही पायरी गाळली नाही. मी लिहीत होते आणि माझं मलाच अक्षर लागत नव्हतं.

सांगून झाल्यावर ते पुन्हा मोटरकडे वळले. मग विचारलं, "एक विचारू का, मॅडम? तो कागद तुम्ही काढला का?"

"हो."

"बरं." त्यांनी मोटरच्या तांब्याच्या तारेवरून बोट फिरवलं. "मला वाटायचं, टेप हलकी लागली माझी. पडला असेल, झाडणाऱ्या बाईने नेला असेल. दोन वर्षं तेच डोक्यात. म्हटलं, खिळा मारायला पायजे होता."

"भाऊ, माझं चुकलं. मी..."

"मला नका सांगू. मला काय झालं ते माहीतच हाय. ज्यांनी विचारलं होतं त्यांना सांगा."

त्यांना मी सांगितलं का, हे इथेच लिहून टाकते. नाही सांगितलं. भोयेभाऊंनी सांगितला तसाच बोर्ड मिळाला, मशीन दोन दिवसांत सुरू झालं. दुरुस्तीच्या अहवालात 'उपाय कोणी सुचवला' असा एक रकाना असतो. तो मी रिकामा ठेवला. खोटं नाव घातलं नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. साहेबांनी विचारलं, "आला नाही ना? माज असतो या लोकांना." मी खाली मान घालून सही केली.

त्या दिवशी हरसूलहून निघताना मला गाडीत बसवायला भोयेभाऊ स्टँडपर्यंत आले. त्र्यंबकची जीप भरत आली होती. त्यांनी पुढच्या सीटवरच्या माणसाला मागे सरकवून मला जागा करून दिली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "मॅडमना नीट उतरव रे, नाशिकच्या गाडीपाशी." मग वळून बाजारात शिरले.

जीप अजून माणसं भरत उभीच होती. काचेतून मला ते दिसत होते. सुके बोंबील विकणाऱ्या एका म्हातारीपाशी ते उकिडवे बसले. ती काहीतरी म्हणाली, यांनी काहीतरी उलट म्हटलं, आणि दोघं एकदम हसायला लागली. तोंड वर करून, डोळे मिटून, आवाज न आवरता भोयेभाऊ हसत होते. इतकी वर्षं आम्ही एका छपराखाली काम केलं, पण ते असे हसतात हे मला माहीत नव्हतं. ड्रायव्हरने हॉर्न दिला. म्हातारीने वळून पाहिलं. भोयेभाऊंनी नाही.